पत्रा, गंज आणि रंग



आपल्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत आता वाडीवस्तीवर गाड्या आल्या आहेत. कोणाची जुनी जीप आहे. कोणाचा पिकअप टेम्पो आहे. कोणाच्या दारात वडिलांच्या वेळची फियाट उभी आहे. टोमॅटो नारायणगावला जातो, कांदा-बटाटा मंचरला जातो, ऊस कारखान्यावर जातो. गाडी दारात आली की घरातील एक माणूस वाढले असेच समजावे. त्या माणसाचे खाणेपिणे आणि दुखणेखुपणे आपल्यालाच पाहावे लागते.

गाडीच्या इंजिनाकडे सगळे लक्ष देतात. ऑइल बदलतात, टायर पाहतात. पत्र्याकडे मात्र कोणी पाहत नाही. "रंग काय, शोभेचा असतो. शोभा काय चाटायचीय?" असे पुष्कळजण बोलतात. हे बोलणे खरे नाही. भातलावणीला वाकलेल्या बाईच्या पाठीवर इरले असते. ते काही शोभेला नसते. इरले फाटले की अंग भिजते. गाडीचा रंग हे पत्र्याचे इरले आहे. ते फाटले की पत्रा भिजतो, आणि भिजलेला पत्रा गंजतो.

या पाठात आपण पत्रा, गंज आणि रंग या तिघांची ओळख करून घेऊ. शेवटी कागद-पेन्सिलीचेही काम आहे. ते वगळू नका.

१. गंज का चढतो?

घरी एक प्रयोग करून पहा. चार स्वच्छ बाटल्या घ्या. चार नवे, बिनगंजलेले लोखंडी खिळे घ्या. खिळ्यांना जस्ताचा मुलामा नसावा.

पहिल्या बाटलीत कोरडा खिळा टाका आणि बूच घट्ट लावा. दुसऱ्या बाटलीत खिळा टाका, चांगले उकळून निवविलेले पाणी त्यावर भरा आणि वर गोडे तेल ओता. तिसऱ्या बाटलीत खिळा अर्धा बुडेल एवढे साधे पाणी घाला. चौथ्या बाटलीत तेवढेच पाणी घाला, पण त्यात मूठभर मीठ टाका. या दोन बाटल्या उघड्या ठेवा.

आठ दिवसांनी पहा. पहिला खिळा जवळजवळ तसाच असेल, कारण त्याला पाणी मिळाले नाही. दुसराही बराचसा तसाच असेल. उकळल्याने पाण्यातली हवा निघून गेली आणि तेलाने नवी हवा आत येऊ दिली नाही. तिसरा तांबडा झालेला असेल. चौथ्याची दशा सर्वांत वाईट असेल.

यावरून काय कळले? गंज चढायला लोखंड, पाणी आणि हवा अशी तीन माणसे लागतात. तिघांतला एक जरी आला नाही तरी गंजाचे लग्न लागत नाही. मीठ आले तर मात्र लग्न लवकर उरकते. हवा आपल्याला अडविता येत नाही. म्हणून पाणी अडवायचे. रंगाचे काम तेच.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. जेवढे लोखंड गंजते, त्याच्या दुपटीहून अधिक जागा गंज व्यापतो. म्हणून रंगाखाली गंज झाला की तो रंगाला वर ढकलतो. रंगावर फोड येतो. फोड लहान दिसला तरी खालचा गंज त्याहून मोठा असतो. गळवाचेही असेच असते. तोंड लहान, घर मोठे.

२. आपल्या भागात गंजाला खाद्य कोण घालते?

आपल्या दोन्ही तालुक्यांचे हवामान एकसारखे नाही. पश्चिमेला माळशेज, नाणेघाट, आहुपे, भीमाशंकर या बाजूला पावसाची झड लागते. गाडी आठ-आठ दिवस वाळत नाही. पूर्वेला आणे पठार, बेल्हे, लोणी-धामणी या बाजूला पाऊस कमी. तिथे गंज सावकाश चढतो. पण कडक उन्हाने रंग विटतो, खडूसारखा होतो आणि त्याला तडे जातात. तड्यातून पाणी शिरतेच.

पावसाशिवाय शेतमालही गंजाला खाद्य घालतो.

खताची पोती: पोटॅशचे खत म्हणजे एक प्रकारचे मीठच. पोते फुटले, चार मुठी हौद्याच्या कोपऱ्यात सांडल्या, वर दव पडले, की चौथ्या बाटलीचा प्रयोग सुरू झाला.

मोरचूद: द्राक्षबागेवर बोर्डो मिश्रण मारणारे शेतकरी जाणतात की मोरचूद लोखंडी भांड्यात कालवीत नाहीत. मोरचुदाच्या पाण्यात लोखंडी खिळा बुडवा. त्यावर तांबूस थर बसतो. तो तांब्याचा असतो. तेवढे तांबे बाहेर आले आणि त्याच्या बदल्यात लोखंड पाण्यात विरघळून गेले. हौद्यात मोरचूद सांडले तर तिथेही हेच घडते.

फुटलेला टोमॅटो: त्याचा रस आंबट असतो. आंबट रस भांड्याची कल्हई खातो, तसा तो रंगाची चकाकी खातो.

शेण, गोमूत्र आणि पाखरांची विष्ठा: उन्हात ही रंगावर भाजून बसतात आणि डाग पाडतात. गाडी झाडाखाली उभी करणारांनी हे ध्यानात धरावे.

चिखल: मडगार्डच्या आतल्या बाजूला चिकटलेला चिखल वरून वाळतो, पण आतून ओला राहतो. पत्र्याला ओले पोटीस बांधल्यासारखेच ते असते.

३. न गंजणारी वस्तू कोणती?

तुम्ही म्हणाल, "मग न गंजणारा पत्राच का घालत नाहीत?" प्रश्न चांगला आहे.

खोडदची मोठी दुर्बीण तुम्ही पाहिली असेल. तिच्या ३० तबकड्या आहेत. प्रत्येक तबकडी ४५ मीटर रुंद आहे. तबकडीची जाळी स्टेनलेस पोलादाच्या बारीक तारांची आहे. या पोलादात क्रोमियम नावाची धातू मिसळलेली असते. तिचा अदृश्य, घट्ट थर वर बसतो आणि गंजाला आत येऊ देत नाही. दिल्लीचा लोहस्तंभ सुमारे १६०० वर्षे उघड्यावर उभा आहे. त्याच्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण बरेच आहे. त्यामुळे त्यावरही रक्षण करणारा थर धरला आहे.

एसटीचेच पहा. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली गाडी धावली. (त्या शहराचे नाव आता अहिल्यानगर आहे.) पुढे एसटीच्या गाड्यांना अनेक वर्षे ॲल्युमिनियमचा पत्रा असे. ॲल्युमिनियमला तांबडा गंज चढत नाही. इंग्लंडात महायुद्धानंतर पोलादाची टंचाई होती, म्हणून १९४८ साली निघालेल्या लँडरोव्हर गाडीला ॲल्युमिनियमचा पत्रा घातला. अमेरिकेत १९५३ साली कॉर्व्हेट नावाची गाडी निघाली. तिचे अंग काचेच्या तंतूंचे आणि राळेचे केले होते.

पण स्टेनलेस महाग पडते. ॲल्युमिनियम मऊ असते आणि ते जोडायला निराळे कसब लागते. म्हणून बहुतेक गाड्यांना साध्या पोलादाचाच पत्रा असतो. त्याला जपावे लागते.

४. श्रीमंताची गाडी आणि आपली गाडी

मुंबई-पुण्यात जुन्या मोटारींचे शौकीन लोक आहेत. त्यांच्याकडे पन्नास-साठ वर्षांच्या गाड्या असतात. काही तर दोनच माणसांच्या, बुटक्या, उघड्या आणि वेगवान असतात. त्यांना स्पोर्ट्स कार म्हणतात. इंग्लंडात १९६२ ते १९८० या काळात एमजीबी नावाची अशी गाडी बनत असे. दिसायला फार देखणी. पण तिचा एक रोग प्रसिद्ध आहे. दाराखालची पट्टी आतून गंजते.

आता तुम्ही म्हणाल, पट्टी गंजली तर काय मोठे झाले? इथे नीट लक्ष द्या.

गाड्यांच्या अंगाचे दोन प्रकार आहेत. जुन्या जीपला खाली जाड लोखंडी चासी असते आणि वर पत्र्याची पेटी बसविलेली असते. बैलगाडीची साटी वेगळी आणि वरचा साज वेगळा, तसे हे. ट्रक आणि बहुतेक पिकअप यांचेही असेच. दुसऱ्या प्रकारात वेगळी चासी नसतेच. पत्रा दुमडून, जोडून त्याचीच पेटी करतात आणि तीच सगळे वजन पेलते. एमजीबी अशी आहे. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली फियाट, म्हणजेच पुढची पद्मिनी, तीही अशीच. आजच्या बहुतेक छोट्या मोटारी अशाच.

अशा गाडीत दाराखालची पट्टी म्हणजे घराचे आढे. आढे वाळवीने खाल्ले आणि वरून चुना फासला, तर घर सुंदर दिसेल. पण त्याखाली लेकरे निजवायची का? पट्टी गंजलेली गाडी धडकली तर मधोमध घडी पडते. जॅक लावला तर जॅक पत्र्यातून वर येतो, आणि खाली वाकलेल्या माणसाच्या अंगावर गाडी बसते. तेव्हा पत्र्याची निगा हा केवळ पैशाचा प्रश्न नव्हे. तो जिवाचाही आहे.

शौकीन लोक आपली गाडी कोरड्या जागी ठेवतात, वेळेवर धुतात, मेण लावतात आणि फोड दिसला की लगेच इलाज करतात. यातले एकही काम आपल्याला न परवडणारे नाही.

५. रंगाचे थर

रंग म्हणजे एकच थर असे समजू नका. पत्र्यावर आधी एक रासायनिक लेप असतो. त्यावर अस्तर असते. त्याला प्रायमर म्हणतात. त्यावर रंग. हल्लीच्या पुष्कळ गाड्यांना त्यावर काचेसारखा पारदर्शक थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. इतके थर मिळून जाडी किती? आपल्या वहीचे एक पान घ्या, फार तर दीड पान. एवढेच ते इरले! म्हणून ते घासताना हात हलका ठेवावा.

पूर्वी मोटारीला तेलाचा रंग देत. एकेक थर वाळायला दिवसच्या दिवस लागत. सगळी गाडी तयार व्हायला कित्येक आठवडे जात. १९२० नंतर अमेरिकेत असा रंग निघाला की जो फवाऱ्याने मारता येई आणि काही तासांत वाळे. तेव्हापासून गाड्या झपाट्याने रंगू लागल्या.

६. गाडी कशी धुवावी?

गाडी सावलीत उभी करा. पत्रा गरम असेल तर निवू द्या. आधी भरपूर पाणी मारून चिखल सैल करा. कोरड्या फडक्याने धूळ पुसू नका. धुळीत वाळूचे बारीक कण असतात. ते रंगावर पॉलिश पेपरासारखे फिरतात.

दोन बादल्या घ्या. एकीत गाडी धुण्याच्या साबणाचे पाणी, दुसरीत साधे पाणी. मऊ फडके साबणात बुडवा, पत्र्यावरून फिरवा, साध्या पाण्यात पिळा, मग पुन्हा साबणात बुडवा. टपापासून सुरू करून खाली या. खालचा भाग सर्वांत मळका असतो. तो शेवटी. कपड्यांची सोड्याची पावडर वापरू नका. ती मेण काढून टाकते.

मडगार्डच्या आत बोटे घालून चिखल काढा. दाराच्या खालच्या कडेला लहान भोके असतात. दारात शिरलेले पाणी त्यांतून बाहेर पडते. ती भोके मातीने बुजतात, आणि दार आतून कुजते. खराट्याच्या काडीने ती मोकळी करा. हे काम पोरसुद्धा करील, पण त्याने दाराचे आयुष्य पुष्कळ वाढते.

काहीजण गाडीच्या पोटाला डिझेल किंवा जळके ऑइल मारतात. तसे करू नये. त्याने रबर फुगते, धूळ चिकटते आणि पावसाबरोबर ते तेल आपल्याच विहिरीत उतरते. पोटाला लावायचे डांबरासारखे लेप मिळतात. पोट आधी धुऊन, पूर्ण वाळवून, गंज काढून मगच ते लावावेत. ओल्यावर लावले तर ओल आत कोंडली जाते.

कुकडी, मीना, घोड या नद्यांत गाडी उभी करून धुऊ नका. खालच्या गावाची माणसे आणि गुरे तेच पाणी पितात.

गाडी वाळली की वर्षातून दोनदा तरी मेण लावा. एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा दिवाळीच्या सुमारास. मेण लावलेल्या पत्र्यावर पाण्याचे मोती होतात आणि घरंगळून जातात.

७. ओरखडा आणि पोचा

बाभळीच्या काट्याने ओरखडा पडला. तो किती खोल आहे? त्यावरून नख आडवे फिरवा. नख अडकले नाही, तर ओरखडा वरवरचा आहे. पॉलिशने तो जातो. नख अडकले आणि तळाशी लोखंड दिसले, तर वाट पाहू नका. जागा स्वच्छ करून प्रायमर आणि रंगाचा ठिपका त्याच आठवड्यात द्या. ठिपका ओबडधोबड दिसला तरी चालेल. जखमेला पट्टी महत्त्वाची, नक्षी नव्हे.

पोचा काढण्याचे काम मिस्त्रीचे. पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे. तिथे तांबट लोक हंड्याला ठोके देऊन मठारकाम करतात. पत्रा काम करणाराही तेच करतो. पत्र्याच्या मागे एक लोखंडी ठोकळा धरतो आणि पुढून हातोडीने हलके ठोके देतो. चांगला मिस्त्री पोच्याच्या मध्यावर घाव घालीत नाही. तो कडेपासून सुरू करतो आणि मध्याकडे येतो. मोठा घाव घातला की पत्रा ताणतो. ताणलेला पत्रा मग डब्याच्या झाकणासारखा टकटक वरखाली होतो. म्हणून ज्याचे ठोके पुष्कळ आणि हलके, तो मिस्त्री चांगला असे ओळखावे.

८. गंजलेल्या जागेचा इलाज

रंगावर फोड दिसला तर त्यात बोथट पेचकस दाबून पहा. दोन गोष्टी संभवतात.

पत्रा शाबूत असेल तर: फोडाच्या चारी बाजूंनी रंग खरवडून पांढरे, चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा. खोल खड्ड्यांत गंज राहिला तर फॉस्फरिक आम्लाचे औषध मिळते, ते डब्यावर लिहिल्याप्रमाणे लावा. मग प्रायमर. मग खड्डा भरण्यापुरती लांबी, जिला कोणी पुट्टी म्हणतात. लांबी दोन-तीन मिलिमीटरहून जाड नको. ती वाळल्यावर कोरडीच घासावी, कारण उघडी लांबी पाणी पिते. आधी जाड पेपर, मग बारीक. पुन्हा प्रायमर. तो वाळल्यावर बारीक पाणपेपराने पाणी लावून घासावे, चांगले वाळवावे आणि मग रंग.

पेचकस आरपार गेला तर: तिथे लांबीचे काम नाही. कुजलेला पत्रा चांगले लोखंड लागेपर्यंत कापून काढला पाहिजे. त्या मापाचा नवा तुकडा वेल्डिंगने जोडला पाहिजे. सांधा आतून-बाहेरून बंद केला पाहिजे. किडलेला दात वरून घासून बरा होत नाही.

काही ठिकाणी भोकात वर्तमानपत्र कोंबतात, वरून लांबी थापतात आणि चकाचक रंग मारतात. दोन पावसाळ्यांत ते सगळे गळून पडते. तोवर आतला गंज दुप्पट झालेला असतो.

रंगाचे काम पावसाळ्यात काढू नये. हवेत ओल असली की काही रंगांवर पांढरी झाक येते. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस या कामाला चांगले.

९. जीव सांभाळा

पत्र्याच्या आणि रंगाच्या कामात धोके आहेत. आपला मुलगा किंवा भाऊ या कामात असेल तर त्याला हा भाग मोठ्याने वाचून दाखवा.

पेट्रोलच्या टाकीला वेल्डिंग करू नये. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची. तिच्यात पेट्रोलची वाफ असते आणि ठिणगी पडताच ती बॉम्बसारखी फुटते.

थिनर आणि रंग यांजवळ विडी ओढू नये. चूल पेटवू नये. थिनरच्या वाफेने डोके गरगरते. म्हणून दारे-खिडक्या उघडी ठेवावीत.

काही रंगांत 'हार्डनर' मिसळतात. त्याचा फवारा छातीत गेला तर कायमचा दमा जडू शकतो. नाकावरचा रुमाल त्याला अडवीत नाही. त्यासाठी खास मुखवटा लागतो.

जुन्या रंगात शिसे असू शकते. घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशावर आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून कडक मर्यादा आली. पण जुन्या गाडीचा रंग त्याच्या फार आधीचा असतो. म्हणून तो कोरडा घासताना धूळ पोटात जाऊ देऊ नये. घासलेल्या हातांनी भाकरी खाऊ नये. कामाचे कपडे लेकरांच्या कपड्यांत धुऊ नयेत.

१०. जुनी गाडी घेताना

एक शेतकरी जुनी गाडी पाहायला गेला. पुढचे बोलणे ऐका.

"दादा, बघा कशी नवरीसारखी सजलीय. कालच रंग मारलाय."

"कालच का मारला, मिस्त्री?"

"गिऱ्हाइकाला बरं दिसावं म्हणून."

"मला बरं दिसायला नको. खरं दिसायला हवं."

शेतकऱ्याचे उत्तर शहाणपणाचे आहे. घरचे दागिने गहाण पडतात, बैलजोडी विकली जाते, सोसायटीचे कर्ज निघते, तेव्हा गाडी येते. ती रंग पाहून घेऊ नये. पुढील गोष्टी पहाव्यात.

सकाळच्या तिरप्या उन्हात गाडीच्या एका टोकाला बसून पत्र्याच्या बाजूने नजर टाका. लाटा दिसल्या तर आत लांबी आहे.

लहानसे लोहचुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावर फिरवा. पत्र्याला ते चिकटते. जाड लांबीवर त्याची पकड सुटते.

बोटाने टकटक करा. पत्रा खणखणतो. लांबी बद्द वाजते.

पायाखालची चटई उचला. तळपत्रा पेचकसाने दाबून पहा. चटई उचलू देत नसतील तर तिथूनच रामराम करा.

रबरी पट्ट्यांवर, काचेच्या कडांवर रंगाचे शिंतोडे आहेत का पहा. असतील तर रंग घाईने मारला आहे.

चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसी पुस्तकातल्या नंबराशी एकेक अक्षर लावून वाचा. गाडीचा रंगही पुस्तकात लिहिलेला असतो. पुस्तकात पांढरा आणि गाडी लाल असेल तर आधी खुलासा मागा. आपण स्वतः रंग बदलला तर तीही नोंद परिवहन कार्यालयात करून घ्यावी लागते. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती पुढे वाढविताना गाडी तपासतात. पत्रा कुजलेला असेल तर तिथेही अडचण येते.

पाहा, इथे वाचता येणारा माणूस फसत नाही. अंगठा उठविणाऱ्याला हे सगळे दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागत होते.

११. लिहून ठेवा

पत्र्याचे काम मिस्त्रीला देताना तोंडी बोलून थांबू नका. कागदावर लिहा. मिस्त्रीवर अविश्वास म्हणून नव्हे. लिहिलेले दोघांच्याही उपयोगी पडते. नमुना असा:

"जीपच्या डाव्या बाजूचा तळपत्रा कुजला आहे. तो कापून नवीन पत्रा वेल्डिंगने जोडणे. आतून-बाहेरून प्रायमर देणे. लांबी लावण्याआधी काम मालकाला दाखविणे. मजुरी ठरली ती आकड्यात व अक्षरात लिहिली आहे. काम पुरे करण्याची तारीख. दोघांच्या सह्या."

यातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य कोणते? "लांबी लावण्याआधी काम मालकाला दाखविणे." लांबी आणि रंग चढला की आतले देवालाही दिसत नाही. चांगल्या मिस्त्रीला या वाक्याचा राग येणार नाही. त्याचे खरे काम पाहणारा कोणी भेटला याचा त्याला आनंदच होईल.

गाडीची एक वही करा. गाडी कधी धुतली, मेण कधी लावले, फोड कुठे दिसला, ते तारखेसह लिहा. उदाहरण: "५ जून. दाराची भोके मोकळी केली. उजव्या मडगार्डवर लहान फोड." पुढच्या महिन्यात तो फोड वाढला की नाही, ते वही सांगेल.

लक्षात ठेवा

लोखंड, पाणी आणि हवा मिळून गंज होतो. आपण पाणी अडवायचे.
खत, मोरचूद, शेण, टोमॅटोचा रस त्याच दिवशी धुऊन काढायचा.
दाराची भोके मोकळी ठेवायची.
भोकाला पत्रा, खड्ड्याला लांबी. उलटे करायचे नाही.
रिकाम्या टाकीला वेल्डिंग नाही.
नवा रंग पाहून जुनी गाडी घ्यायची नाही.

प्रश्न

१. चार बाटल्यांतील कोणता खिळा सर्वांत जास्त गंजतो? का?
२. वेगळी चासी असलेली गाडी आणि नसलेली गाडी यांत फरक काय?
३. लांबी दाखवून घेण्याची अट कोणाच्या हिताची आहे?
४. आपल्या किंवा शेजाऱ्याच्या गाडीभोवती फिरा. जिथे फोड, ओरखडा किंवा पोचा दिसेल ती जागा वहीत पाच ओळींत लिहा. खाली आजची तारीख घाला आणि आपली सही करा.